अमेरिकेची निवडणूक म्हणजे एका दिवसाचा सेल: धंदेवाल्याने तिथून काय उचलायचं आणि काय अजिबात नाही

या विषयावरचा व्हिडिओ २० मिनिटांत बसवताना बरंच काही कापावं लागलं. ते इथे सविस्तर लिहितो, म्हणजे निवांत वाचता येईल.

आधी एक प्रश्न निकालात काढू. "सर, आपण धंदा शिकायला येतो, अमेरिकेच्या राजकारणाशी आपल्याला काय करायचंय?" दोन कारणं आहेत. पहिलं, आज मार्केटिंगच्या प्रत्येक दुसऱ्या कोर्समध्ये "ओबामाने असं केलं, ट्रम्पने तसं ब्रँडिंग केलं" हे ऐकवलं जातं. त्यातलं निम्मं खरंच कामाचं आहे आणि निम्मं तुमच्या दुकानाचं नुकसान करणारं आहे. दुसरं, तिथल्या भाषणात बोललेला एक शब्द आपल्या सोलापूरच्या कारखानदाराच्या ऑर्डरबुकपर्यंत पोचतो, हे २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. त्यावर शेवटी येतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अमेरिकेचा निवडणूक प्रचार हा एका दिवसाचा सेल आहे. नोव्हेंबरच्या त्या एका मंगळवारी गिऱ्हाईक आलं की काम झालं, पुढची चार वर्षं त्याला माल परत करता येत नाही. तुमचं दुकान मात्र बुधवारी सकाळी पुन्हा उघडायचं असतं. हा फरक डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

१. खेळ कसा आहे ते आधी समजून घ्या

आपल्याला वाटतं, देशभरात ज्याला जास्त मतं तो राष्ट्राध्यक्ष. तसं नाही. तिथे ५३८ इलेक्टोरल मतं असतात आणि २७० मिळाली की जिंकलात. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक मतं येतात. पेनसिल्व्हेनियाकडे १९, विस्कॉन्सिनकडे १०, कॅलिफोर्नियाकडे ५४. मेन आणि नेब्रास्का ही दोन छोटी राज्यं सोडली, तर बाकी सगळीकडे नियम एकच: राज्यात एका मताने जरी पुढे असलात तरी त्या राज्याची सगळी मतं तुमची.

यातून काय होतं बघा. २००० साली अल गोर यांना देशभरात जॉर्ज बुश यांच्यापेक्षा पाच लाखांहून जास्त मतं होती. पण फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी पुढे राहिले आणि राष्ट्राध्यक्ष झाले. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २८ लाख मतं जास्त होती. तरी मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून ७८ हजारांच्या आत मतं कमी पडली आणि निवडणूक गेली. २०२० मध्ये बायडन देशभरात ७० लाख मतांनी पुढे होते. पण जॉर्जिया, ॲरिझोना आणि विस्कॉन्सिनमधली त्यांची आघाडी एकत्र केली तर ४३ हजारसुद्धा भरत नाही. ती तीन राज्यं फिरली असती तर २६९-२६९ अशी बरोबरी झाली असती.

म्हणून प्रचार सगळ्या देशात होतच नाही. २०२४ ला सात राज्यांत झाला: पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, ॲरिझोना आणि नेवाडा. ट्रम्प यांनी सातही घेतली आणि ३१२ विरुद्ध २२६ असा निकाल लागला. त्याच निवडणुकीत कॅलिफोर्नियात ट्रम्प यांना ६० लाखांहून जास्त आणि टेक्सासमध्ये कमला हॅरिस यांना ४८ लाखांच्या आसपास मतं पडली. या एक कोटीहून जास्त लोकांच्या मतांनी एकही इलेक्टोरल मत मिळवून दिलं नाही. मला विचाराल तर ही व्यवस्था लोकशाहीसाठी वाईट आहे. ज्याचं मत कुणाला वळवायचं नाही आणि कुणाला गमवायची भीती नाही, त्याच्या दारात कुणी जात नाही. पण उमेदवाराचा दोष नाही, नियमच तसा आहे.

धंद्यासाठी यात काय आहे? उचलायची गोष्ट अशी: सगळ्यांना सगळं विकायला निघू नका. तुमच्या गावात विक्री कुठून वाढू शकते ते शोधा आणि वेळ तिथे घाला. हे बरोबर आहे. पण याच गोष्टीची दुसरी बाजू कुणी शिकवत नाही.

विस्कॉन्सिन हे राज्य १९८८ पासून प्रत्येक वेळी डेमोक्रॅट पक्षाला मत देत आलेलं होतं. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन पक्षाची उमेदवारी मिळाल्यानंतर तिथे प्रचाराला एकदाही गेल्या नाहीत. "ते आपलंच आहे" हा हिशोब. २२,७४८ मतांनी ते राज्य गेलं. त्या गेल्या असत्या तर जिंकल्याच असत्या असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण पेनसिल्व्हेनियात त्या अनेकदा गेल्या आणि तेही गेलंच. पण पक्कं गिऱ्हाईक गृहीत धरण्याची किंमत काय असते, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. आपल्याकडे दहा वर्षं किराणा भरणारी वहिनी एक महिना आल्या नाहीत, तर आपण किती दुकानदार फोन करून विचारतो? नवीन गिऱ्हाइकाला दहा टक्के सूट आणि जुन्याला काय? "या बसा"सुद्धा नाही. हे तेच विस्कॉन्सिन.

२. पैसा ऐकायला लावतो, आवडायला लावत नाही

तिथला पैशाचा हिशोब थोडक्यात असा. सामान्य माणूस उमेदवाराला थेट किती देऊ शकतो याला कायद्याने मर्यादा आहे. २०२४ साठी ती एका निवडणुकीला ३,३०० डॉलर होती. पण २०१० साली सुप्रीम कोर्टाने "सिटिझन्स युनायटेड" या खटल्यात पाच विरुद्ध चार असा निकाल दिला आणि त्यानंतर "सुपर पॅक" नावाचा प्रकार आला. उमेदवाराच्या बाहेर वेगळी संस्था काढायची, तिथे कितीही पैसा जमवायचा आणि त्याच उमेदवाराच्या जाहिराती लावायच्या. आणि स्वतःचा पैसा उमेदवार स्वतःवर कितीही खर्च करू शकतो.

आता निकाल बघा. २०१६ ला जेब बुश यांच्या सुपर पॅकने सुरुवातीच्या काही महिन्यांतच १० कोटी डॉलरच्या वर जमवले. भाऊ राष्ट्राध्यक्ष, वडील राष्ट्राध्यक्ष. फेब्रुवारीत तिसऱ्या राज्यानंतर ते शर्यतीतून बाहेर पडले. २०२० ला न्यूयॉर्कचे माजी महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी जवळजवळ १०० कोटी डॉलर स्वतःचे ओतले. सुपर ट्यूजडेच्या दिवशी जिंकले ते फक्त अमेरिकन सामोआ, पॅसिफिक महासागरातली छोटीशी बेटं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माघार घेतली. २०१६ ला हिलरी यांचा खर्च ट्रम्प यांच्या जवळपास दुप्पट होता. २०२४ ला हॅरिस यांच्या मोहिमेने १०० कोटी डॉलरपेक्षा जास्त जमवले. दोघीही हरल्या.

मग पैसा निरुपयोगी आहे का? नाही. हा दुसरा टोकाचा निष्कर्षही चुकीचा. २०२४ ला इलॉन मस्क यांनी ट्रम्प आणि त्यांच्या पक्षासाठी २५ कोटी डॉलरहून जास्त खर्च केला आणि ती बाजू जिंकली. पण पाचच महिन्यांनी, एप्रिल २०२५ मध्ये, विस्कॉन्सिनच्या राज्य सुप्रीम कोर्टाच्या निवडणुकीत मस्क आणि त्यांच्या गटांनी दोन कोटी डॉलरच्या आसपास ओतले आणि त्यांचा उमेदवार दहा टक्क्यांनी पडला. पैसा तोच, माणूस तोच. फरक मालाचा आणि वेळेचा होता.

यात आपल्या मराठी माणसाचं एक उदाहरण आहे. श्री ठाणेदार. बेळगावात वाढले, केमिस्ट्री शिकले, १९७९ मध्ये अमेरिकेला गेले, तिथे धंदा उभा केला, बुडाला, पुन्हा उभा केला. २०१८ मध्ये मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी पक्षाच्या उमेदवारीला उभे राहिले. स्वतःच्या खिशातले एक कोटी डॉलरच्या आसपास घातले. तिघांत तिसरे आले. पुढे काय केलं? संपूर्ण राज्याचा नाद सोडला आणि डेट्रॉइट शहरातल्या एका मतदारसंघावर लक्ष दिलं. २०२० ला तिथून राज्याच्या सभागृहात गेले. २०२२ ला डेट्रॉइट भागातूनच अमेरिकेच्या संसदेवर निवडून आले. तेव्हाही त्यांनी स्वतःचा पैसा लावला. पण तोच पैसा मोठ्या बाजारात पातळ होतो आणि छोट्या बाजारात घट्ट होतो. त्यांच्या राजकारणाबद्दल तुमचं मत काहीही असू द्या, हा धडा जाहिरातीचं बजेट ठरवणाऱ्या प्रत्येकाने घ्यावा.

जाहिरात म्हणजे लाऊडस्पीकर. आवाज लांब जातो. पण बोलणं बेचव असेल तर बेचवच लांब जातं. लोकांना आधी नको असलेला माल, जाहिरातीनंतर नको असलेला प्रसिद्ध माल होतो, एवढंच.

३. महागाईचा दर खाली आला, पण बिल खाली आलं नाही

२०२४ चा निकाल समजून घ्यायला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा माझ्या मते हा आहे, आणि दुकानदाराला तो अर्थतज्ज्ञापेक्षा लवकर कळेल.

जून २०२२ मध्ये अमेरिकेत महागाईचा दर ९.१ टक्के झाला. चाळीस वर्षांत इतका कधी नव्हता. २०२४ च्या शरद ऋतूपर्यंत तो अडीच टक्क्यांच्या आसपास आला. बेरोजगारी कमी होती, शेअर बाजार वर होता. सरकारी बाजूचे लोक टीव्हीवर सांगत होते, "अर्थव्यवस्था मजबूत आहे." आकडे खोटे नव्हते.

पण महागाईचा दर कमी होणं म्हणजे भाव कमी होणं नव्हे. शंभराची वस्तू एकशेवीसला गेली आणि तिथे थांबली, तर दर शून्य झाला, पण गिऱ्हाईक अजून वीस जास्तच देतंय. त्याला चार वर्षांपूर्वीचं बिल आठवतं. अंडी, पेट्रोल, घरभाडं. त्याला तक्ता दाखवून "तुम्हाला वाटतंय तसं नाही" म्हणणं म्हणजे दाढ दुखणाऱ्याला एक्सरे दाखवून "काही नाही" म्हणण्यासारखं.

रोनाल्ड रेगन यांना हे १९८० मध्ये कळलं होतं. मतदानाच्या आठवडाभर आधी जिमी कार्टर यांच्याशी झालेल्या वादसभेत त्यांनी लोकांना एवढंच विचारलं, की चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं आज बरं चाललंय का? आकडा नाही, आरोप नाही. प्रश्न विचारला आणि उत्तर लोकांच्या स्वयंपाकघरावर सोडलं. ४४ राज्यं जिंकले. बिल क्लिंटन यांच्या १९९२ च्या मोहिमेत जेम्स कार्व्हिल यांनी ऑफिसच्या भिंतीवर तीन ओळींचा कागद लावला होता. बदल हवा की तेच ते, अर्थव्यवस्था, आणि आरोग्यसेवा विसरू नका. कार्यकर्त्याने इकडेतिकडे भरकटू नये म्हणून. तुमच्या दुकानातल्या पोऱ्याला विचारा, "आपण काय विकतो?" तीन पोरांनी तीन वेगळी उत्तरं दिली, तर कागद भिंतीवर लावायची वेळ आली आहे.

आणि उलट उदाहरण. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमात हॅरिस यांना विचारलं, बायडन यांच्यापेक्षा तुम्ही वेगळं काय केलं असतं? त्यांनी सांगितलं, चटकन असं काही आठवत नाही. लोक नाराज आहेत जुन्या दुकानावर, तुम्ही पाटी बदलून बसलात आणि सांगताय "माल तोच आहे". न्यायाने बोलायचं तर बायडन यांनी २१ जुलैला माघार घेतल्यामुळे त्यांना जेमतेम साडेतीन महिने मिळाले, आणि ज्यांच्या हाताखाली उपाध्यक्ष आहोत त्यांच्याविरुद्ध बोलणं सोपं नसतं. पण गिऱ्हाइकाला तुमची अडचण ऐकायची नसते. "आता काय वेगळं मिळेल" हे त्याला ऐकायचं असतं.

४. गिऱ्हाइकाला नावं ठेवली की संपलं

दोन प्रसंग, दोन्ही पक्षांचे. २०१२ मध्ये रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी देणगीदारांच्या खासगी जेवणात म्हणाले की ४७ टक्के लोक सरकारवर अवलंबून आहेत, स्वतःला बळी समजतात आणि काहीही झालं तरी ओबामांनाच मत देतील. कुणीतरी गुपचूप रेकॉर्ड केलं होतं. सप्टेंबरमध्ये ते बाहेर आलं. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी देणगीदारांसमोरच ट्रम्प यांच्या निम्म्या समर्थकांना टाकाऊ माणसांच्या टोपलीत घातलं. त्या शब्दाचे टी-शर्ट छापून लोक ट्रम्प यांच्या सभेला आले.

दोघांत साम्य काय? दोघंही श्रीमंत लोकांच्या खोलीत, गिऱ्हाइकाच्या पाठीमागे बोलत होते. आपल्याकडे हे रोज होतं. गिऱ्हाईक पायरी उतरलं की "फुकटे लेकाचे, नुसता भाव विचारतात". गल्ल्यावर बसलेला पोरगा ते ऐकतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी तसाच वागतो. आता तर गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुकून पडलेला एक स्क्रीनशॉट पुरतो. भाव विचारून जाणारा माणूस म्हणजे न आलेलं गिऱ्हाईक नव्हे, अजून न ठरवलेलं गिऱ्हाईक.

५. मोजून बघा: ही गोष्ट बिनधास्त उचला

२००७ च्या अखेरीस ओबामांच्या वेबसाइटवर नाव-ईमेल नोंदवायचं पान होतं. टीमला वाटत होतं, भाषणाचा व्हिडिओ लावला तर लोक जास्त नोंदणी करतील. सगळ्यांची पसंती व्हिडिओला. पण त्यांनी ठरवलं, वाद घालण्यापेक्षा मोजू. वेगवेगळे फोटो, व्हिडिओ आणि बटणावरचे वेगवेगळे शब्द, अशा २४ जोड्या केल्या आणि येणाऱ्या लोकांना आळीपाळीने दाखवल्या.

निकाल? प्रत्येक व्हिडिओ प्रत्येक फोटोपेक्षा मागे पडला. (होय, मी व्हिडिओ बनवून पोट भरतो आणि तरी हे सांगतोय.) सगळ्यात पुढे आला तो ओबामांचा कुटुंबासोबतचा साधा फोटो, आणि बटणावर "नोंदणी करा"ऐवजी "आणखी जाणून घ्या". नोंदणीचं प्रमाण ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेलं, म्हणजे ४० टक्क्यांनी वाढ. एक पैसा जास्त खर्च न करता.

याला तंत्रज्ञान लागत नाही. तुमच्याकडे २०० गिऱ्हाइकांचे नंबर आहेत ना? दिवाळीच्या फराळाचा मेसेज दोन प्रकारे लिहा. एकात भाव आधी, दुसऱ्यात "आईच्या हातची भाजणी" आधी. शंभरांना एक, शंभरांना दुसरा. कुणाला किती फोन आले, वहीत लिहा. पुढचा मेसेज जिंकलेल्या प्रकाराने. "बटणावर जाणून घ्या लिहिलं की चालतं" हा यातला धडा नाही. आपल्या आवडीपेक्षा गिऱ्हाइकाची कृती मोठी, हा आहे.

६. काय अजिबात उचलायचं नाही

आता कळीचा भाग. प्रचारात चालणाऱ्या काही गोष्टी धंद्यात विष आहेत.

पहिली, खोटी घाई आणि लपवलेली खूण. अमेरिकेत दोन्ही पक्षांचे ईमेल बघा: "शेवटचे दोन तास", "आम्ही हरतोय", "तुमचं नाव यादीत दिसत नाही". दर आठवड्याला "शेवटचे" दोन तास. २०२० मध्ये ट्रम्प यांच्या मोहिमेने देणगीच्या पानावर एक चौकट आधीच खूण करून ठेवली होती. एकदाच देणगी देणाऱ्याच्या कार्डातून दर आठवड्याला तेवढीच रक्कम जायची, जोवर तो ती खूण काढत नाही. न्यूयॉर्क टाइम्सने २०२१ मध्ये हे सविस्तर छापलं. त्यांच्या मोहिमेला आणि पक्षाला मिळून त्या वर्षात १२ कोटी डॉलरहून जास्त रक्कम परत करावी लागली. पुढे निवडणूक आयोगाने अशा आधीच केलेल्या खुणांवर बंदी घालावी अशी शिफारस संसदेला एकमताने केली. डेमोक्रॅट पक्षाच्या काही गटांनीही अशा खुणा वापरल्या होत्या, म्हणजे हा एका पक्षाचा आजार नाही.

मोहिमेला हे परवडतं, कारण निवडणुकीपर्यंत पैसा वापरता आला की झालं. तुम्हाला परवडत नाही. फी भरताना क्लासवाल्याने न सांगता पुढच्या महिन्याचीही घेतली, तर तो पालक सोसायटीतल्या चाळीस पालकांना सांगणार.

दुसरी, समोरच्याला काळं फासणं. राजकारणात हे चालतं, कारण तिथे दुकानं दोनच. समोरच्याचं गिऱ्हाईक तुमच्याकडे आलं नाही, नुसतं घरी बसलं तरी तुमचा फायदा. बाजारात गिऱ्हाईक घरी बसलं तर दोघांचं नुकसान. एका मिठाईवाल्याने "समोरच्याचा खवा भेसळीचा" असं पसरवलं, समोरच्याने तेच याच्याबद्दल पसरवलं, तर लोक दोघांकडची मिठाई बंद करून ड्रायफ्रूटचा डबा नेतात.

तिसरी, "एक्कावन्न टक्के मिळाले की बस" हा विचार. २०२४ मध्ये ट्रम्प यांना ४९.८ टक्के आणि हॅरिस यांना ४८.३ टक्के मतं मिळाली. दीड टक्क्याचा फरक, पण सत्ता शंभर टक्के एकाकडे. माझ्या मते अमेरिकेच्या राजकारणातला कडवटपणा बराचसा इथून येतो. निम्म्या लोकांना चिडवून उरलेल्या निम्म्यांना बाहेर काढणं, हा नियमांत बसणारा फायद्याचा मार्ग झाला आहे. छोट्या गावातल्या दुकानाला निम्मं गाव दुखावून चालत नाही. दुकानाच्या नावाने राजकीय पोस्ट टाकणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा. मत ठेवा, मत द्या, पण पाटीवर लावू नका.

७. आणि आपला संबंध: टॅरिफ

ट्रम्प २०२४ च्या प्रचारात अगदी उघडपणे सांगत होते: सगळ्या आयातीवर १० ते २० टक्के शुल्क, चीनवर ६० टक्के. टॅरिफ हा आपला आवडता शब्द आहे, असंही ते म्हणाले. आपल्याकडे त्यांच्या नाचाचे व्हिडिओ फॉरवर्ड झाले, हे वाक्य फॉरवर्ड झालं नाही. २७ ऑगस्ट २०२५ पासून बहुतेक भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लागू झालं. २५ टक्के आधीचं आणि २५ टक्के रशियन तेल घेतल्याबद्दल.

हे शुल्क भरतं कोण? सोलापूरचा टॉवेलवाला भरत नाही. अमेरिकेतला आयातदार तिथल्या कस्टमला भरतो. पण लगेच तो सोलापूरला फोन करतो, "भावात कमी करा, नाहीतर ऑर्डर थांबवतो." समजा टॉवेल १०० रुपयांना जातो आणि त्यात कारखानदाराचे १० रुपये सुटतात. शुल्काचे ५० रुपये झाले. आयातदार म्हणाला "पंधरा तुम्ही सोसा", की कारखानदार प्रत्येक टॉवेलमागे ५ रुपये घाट्यात. मुंबईच्या सीप्झमधल्या दागिन्यांच्या युनिटचं, कोकणातून कोळंबी पाठवणाऱ्याचं गणित याच जातीचं. आणि त्यांच्यामागे शिलाईचं जॉबवर्क करणारी बाई, खोके बनवणारा, टेम्पोवाला. यांच्यापैकी कित्येकांना आपला माल शेवटी अमेरिकेत जातो हेसुद्धा माहीत नसतं.

म्हणून दुसऱ्या देशाच्या प्रचाराकडे कुस्तीच्या फडासारखं बघू नका. कोण कुणाला काय बोलला हे सोडा. तीन शब्द आले की कान टवकारा: आयातशुल्क, व्हिसा, व्याजदर. अध्यक्षाची निवडणूक चार वर्षांनी असली तरी संसदेच्या खालच्या सभागृहाच्या सगळ्या ४३५ जागांसाठी आणि सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश जागांसाठी दर दोन वर्षांनी मतदान होतं. म्हणजे प्रचार तिथे थांबतच नाही.

या आठवड्याचं काम

वाचून सोडून देऊ नका. वही घ्या आणि चार गोष्टी लिहा.

एक, तुमच्या जुन्या दहा गिऱ्हाइकांपैकी गेल्या दोन महिन्यांत कोण आलं नाही? त्यांना फोन करा. काही विकू नका, नुसती विचारपूस करा.

दोन, "आपण काय विकतो" हे एका ओळीत लिहा आणि दुकानातल्या प्रत्येकाला न दाखवता विचारा. उत्तरं जुळतात का बघा.

तीन, तुमच्या बिलात, मेसेजमध्ये किंवा फॉर्ममध्ये अशी एखादी ओळ आहे का, जी गिऱ्हाइकाने नीट वाचली तर त्याला राग येईल? असेल तर ती आजच काढा.

चार, तुमचा माल घेणारा पुढे कुणाला विकतो, आणि तो पुढे कुणाला? साखळी शेवटपर्यंत लिहा. निम्म्याहून जास्त विक्री एकाच गिऱ्हाइकावर किंवा एकाच देशावर उभी असेल, तर दुसरा बाजार शोधायचं काम आजपासून सुरू करा. सोलापूरच्या ज्या कारखान्याला अमेरिकेशिवाय दुसरा घेणाराच नव्हता, त्याला ऑगस्ट २०२५ मध्ये आयातदाराशी भांडायला जागाच नव्हती.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर काढताना अडलात तर व्हिडिओखाली तुमचा धंदा आणि गाव लिहून विचारा. पुढच्या भागात त्यातल्याच तीन-चार साखळ्या घेऊन फळ्यावर मांडू. भेटू.